सांबार म्हणजे कोथिंबीर, बरं का!

बढतीचा कागद हाती आला की आधी घरात पेढे येतात आणि मग पोटात गोळा येतो. तुमच्यापैकी ज्या बँकेत, शाळेत किंवा सरकारी कचेरीत नोकरी करतात त्यांना हे सांगायला नको. माझी बदली रत्नागिरीहून झाली ती थेट चंद्रपूरला. मुलगी आठवीत, तेव्हा ती आणि तिचे बाबा सासूबाईंजवळ राहिले आणि मी दोन बॅगा नि पोळपाट-लाटणं घेऊन एप्रिलमध्ये इकडे आले. "मराठी मुलखातच तर जायचंय, त्यात काय एवढं!" असं जो तो म्हणत होता. मलाही तसंच वाटलं होतं.

तिसऱ्याच दिवशी काउंटरवर एक म्हातारे शेतकरी आले. पासबुक पुढे करून भराभरा काहीतरी बोलले. रांग लांबलेली, डोक्यावर पंखा गरम हवा फेकतोय. मी म्हटलं, "आजोबा, जरा नीट मराठीत सांगा." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले नि शांतपणे म्हणाले, "मराठीच बोलून राहिलो जी बाई."

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मुकाट्याने त्यांचं पासबुक आपल्याकडे घेतलं. त्या दुपारी डबा खायला मला कोणी हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा बोलण्याचा एवढा राग? पण आपल्याच दारात येऊन कुणी आपल्या बोलण्याला नाक मुरडलं, तर आपण त्याला पाट मांडून देऊ का? महिनाभर मी एकटी जेवले. परत जाण्यासाठी बदलीचा अर्जही लिहून ठेवला.

बरं, कामातही घोटाळे व्हायला लागले. शिपाई सांगून गेला, "साहेब येऊन राहिले." मला वाटलं, साहेब येऊन मुक्कामाला राहिले, म्हणजे आता उद्याच भेट! प्रत्यक्षात ते जिना चढत होते, आणि माझं टेबल कागदांनी भरलेलं. "येऊन राहिले" म्हणजे येताहेत, हे त्या दिवशी कळलं. शेवटी मीच त्या शेजारच्या बाईंकडे गेले आणि म्हटलं, "ताई, त्या दिवशी माझं चुकलं. मला तुमचे शब्द शिकवा." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "उद्या भेळ करू. तुम्ही सांबार आणा."

मी पहाटे पाचला उठून तुरीच्या डाळीचं, नारळ घातलेलं मोठा डबाभर सांबार केलं! डबा उघडल्यावर आधी सगळ्या गप्प, आणि मग जी हसाहशी सुरू झाली! इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. शेवग्याच्या शेंगा म्हणजे मुनगा, पिठलं म्हणजे बेसन, पातेलं म्हणजे गंज. बटाट्याला आलू म्हणतात, त्याचंही नवल वाटायला नको. 1956 पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात होता, तेव्हा हिंदी शब्द बोलण्यात मुरलेले असणारच. माझं सांबार मात्र त्यांनी पावाबरोबर संपवलं.

त्या दिवसापासून उन्हाळ्याच्या युक्त्याही कळल्या. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. कूलर घ्याल तर तो खिडकीत बाहेरची हवा घेईल असा बसवा आणि समोरचं दार किंवा खिडकी किलकिली ठेवा. बंद खोलीत नुसती दमट वाफ होते. कोकणात हवाच दमट, म्हणून तिथे त्याचा उपयोग नसतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा, नाहीतर डासांची पैदास ठरलेली. इडलीचं पीठ रात्रभर बाहेर ठेवू नका, चार-पाच तासांत फुगतं. खवलेला नारळ तर लगेच फ्रीजमध्ये. बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा हवाच, इथल्या बायका काही हौसेनं बांधत नाहीत!

इकडच्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, आमच्या रत्नागिरीच्या नंतर. म्हणून मुलगी मेअखेर राहायला आली होती. बाजारात तिनं विचारलं, "आई, कोथिंबीर घ्यायची ना?" तोवर मी भाजीवाल्या मावशींना सांगून मोकळी झाले होते, "दहा रुपयांचा सांबार द्या जी." ती डोळे विस्फारून बघत राहिली.

तिची दहावी तिकडे करायची की इकडे, यावर अजून रोज रात्री फोनवर वाद होतो. आणि खरं सांगू का, तो बदलीचा अर्ज मी फाडलेला नाही. कपाटात साड्यांखाली आहे.