पाळणाघराचा शेवटचा तास

मध्य रेल्वेवर सिग्नल बिघडला की त्याचा फटका डोंबिवली-बदलापूरच्या पाळणाघरांनाही बसतो. सातला मुलाला न्यायला येणारी आई पावणेआठ वाजले तरी कुर्ल्याच्या आसपास अडकलेली असते. ‘काकू, आज जरा उशीर होतोय हं,’ एवढं फोनवर सांगून होतं. इकडे काकूंचा स्वतःच्या घरचा स्वयंपाक खोळंबलेला असतो, सासऱ्यांच्या औषधाची वेळ झालेली असते आणि मागे राहिलेलं मूल दाराशी जाऊन बसलेलं असतं.

घरी पाळणाघर चालवणाऱ्या बायकांना दिवसभरात हाच तास जड जातो. बेल वाजली की ते मूल दप्तर पाठीला अडकवून दाराकडे धावतं. दारात दुसऱ्याच कुणाची तरी आई असते. दोन-तीनदा असं झालं की पुढच्या बेलला त्याला रडू फुटतं, खाऊही नको होतो.

याला हट्ट म्हणणं अन्यायाचं आहे. शरीरातलं कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक एरवी सकाळी जास्त असतं आणि दिवस कलेल तसं उतरत जातं. दिवसभर पाळणाघरात राहणाऱ्या अनेक लहानग्यांमध्ये मात्र ते दुपारनंतर वाढलेलं संशोधकांना आढळलं आहे. तीन वर्षांखालच्या मुलांत हा फरक अधिक ठळक दिसतो. वाढीव तास येतो तो असा थकल्या वेळी.

लहान मुलाला घड्याळ कळत नाही, एकामागून एक काय होणार ते कळतं. म्हणून ‘आत्ता येईल हं आई’ असं दर पाच मिनिटांनी सांगण्यापेक्षा ‘आईची गाडी उशिरा आहे, आपण आधी वरणभात खाऊ, मग तिला फोन लावू’ असं खरं तेच सांगितलेलं बरं. हाताला काम दिलं तर आणखी बरं. मोठ्या मुलाला मटार सोलायला बसवावं, धाकट्याला कणकेचा गोळा द्यावा. घरगुती पाळणाघरात हे सहज जमतं, कारण स्वयंपाकघर चार पावलांवर असतं.

सकाळच्या रडण्याचं कारण वेगळं असतं. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. रजा संपवून आई कामावर रुजू होते तेव्हा बाळ बहुधा सहा महिन्यांच्या आतबाहेर असतं आणि कुणाच्याही कडेवर रमतं. आठव्या महिन्याच्या सुमारास ते आपलं माणूस आणि परकं माणूस यांत फरक करू लागतं, आणि कालपर्यंत हसत येणारं बाळ उंबऱ्यावर टाहो फोडतं. पालकांच्या मनात पाळणाघराविषयीच शंका येते. खरं तर बहुतेकदा ही वाढीचीच एक पायरी असते. अशा वेळी नजर चुकवून सटकू नये. ‘येते’ म्हणून, हात हलवून निघावं, पण दारात रेंगाळू नये.

रडणं थांबलं म्हणजे मूल रुळलं, असंही नाही. ब्रिटनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 साली रुग्णालयात दाखल केलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा माहितीपट काढला. वरवर शांत दिसणारी ती मुलगी आतून किती कासावीस होती, ते त्यात स्पष्ट दिसतं. पाळणाघर हे काही रुग्णालय नव्हे, पण कोपऱ्यात गप्प बसणाऱ्या, न खेळणाऱ्या, न जेवणाऱ्या मुलाकडे काकूंचं लक्ष हवं, आणि तसं दिसलं तर पालकांच्या कानावर घालायला हवं.

काकूही माणूसच. तान्हं बाळ काही केल्या थांबेना आणि संताप अनावर होऊ लागला, तर त्याला सुरक्षित जागी उताणं ठेवावं, दोन मिनिटं बाजूला व्हावं, घरातल्या दुसऱ्या माणसाला हाक मारावी. बाळाला गदागदा हलवणं जिवावर बेतू शकतं. झोप यावी म्हणून खोकल्याचं औषध पाजणं तितकंच धोक्याचं आहे.

वाढीव तासाचे पैसे मागायला बऱ्याच जणींना संकोच वाटतो, कारण नातं घरच्यासारखं झालेलं असतं. मग महिनोन् महिने मनात अढी साचते आणि एखाद्या संध्याकाळी नको ते बोलून जातात. त्यापेक्षा मूल दाखल करून घेतानाच सगळं लिहून ठेवावं. किती मिनिटांची सवलत, त्यापुढे दर अर्ध्या तासाला किती पैसे, जास्तीत जास्त किती वाजेपर्यंत थांबता येईल, पालकांऐवजी कोण न्यायला येऊ शकेल, ओळख पटवायला त्यांचा फोटो. मुसळधार पावसात लोकल बंद पडल्या तर काय करायचं, हेही जूनच्या आधीच ठरलेलं असावं. आणि वहीत आईच्या नंबरखाली वडिलांचाही नंबर हवा. उशीर होणार असं कळलं की ज्याला लवकर पोचता येईल त्याने निघावं. बऱ्याच घरांत ही धावपळ अजून एकट्या आईच्याच वाट्याला येते.