चंपीची तहान

आमच्या चंपीच्या कानाच्या पाळीत रक्त साकळून फुगा आला होता. डॉक्टरांनी तो चिरून रक्त काढले, गोळ्या दिल्या; आणि दुसऱ्याच दिवसापासून तिची तहान भागेना. रात्री दिवाणखान्यात तळे! मी पडलो मास्तर; शिस्त म्हणून पाण्याचे भांडेच उचलून ठेवले. बिचारी रात्रभर कोरडी फरशी चाटत राहिली.

सकाळी डॉक्टरांनी माझीच कानउघाडणी केली. "सुजेवरच्या या स्टिरॉइडने मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही. लघवी आधी, तहान मागून! पाणी तोडलेत तर जिवावर बेतेल. गोळ्याही एकदम बंद करू नका."

दिवसाला किलोमागे 100 मिलिलिटरांपलीकडे पाणी म्हणजे अतिच. 12 किलोंची चंपी 2 लिटर पीत होती. डॉक्टरांनी मात्रा हळूहळू उतरवली, तशी तहानही ओसरली.

कारण आणि कार्य यांतला फरक वर्गात वर्षानुवर्षे शिकवला. घरी मात्र चुकलो. आता रात्री निजण्यापूर्वी भांडे मीच भरतो.