डीप फ्रीझर, आईचा हुरडा आणि १६० व्होल्ट

(या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युली’ कापलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय एकदम घरगुती आहे: डीप फ्रीझर. तोच तो, आडवा, पेटीसारखा, वरून झाकण उघडणारा. आता तो फक्त आइस्क्रीमच्या दुकानात राहिला नाही. मटार, आमरस, खवा, पनीर विकणाऱ्या कितीतरी घरांत तो आलाय. आमच्याही आला.

आमची वस्ती राहुरी तालुक्यात. मी पुण्यात कोड लिहितो आणि आई गावाकडे हुरडा विकते. कृषी विद्यापीठ आमच्याच तालुक्यात आहे. तिथनं निघालेलं ‘फुले मधुर’ हे ज्वारीचं वाण खास हुरड्यासाठीचं, आम्ही तेच पेरतो. हुरड्याचा सीझन थंडीतला. पण हिरवे दाणे पाकिटात भरून गोठवले, तर उन्हाळ्यातही लोक थालीपिठासाठी मागून नेतात. म्हणून आईने स्वतःच्या पैशाने फ्रीझर घेतला.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी तिचा फोन आला. “आरं, हुरडा मऊ पडलाय. मेस्त्री म्हणतोय गॅस संपला, साडेतीन हजार लागतील.” आत ३५ किलो माल होता.

गॅस ‘संपत’ नाही

पहिली गोष्ट इथेच लक्षात ठेवा. फ्रीझरचा गॅस म्हणजे सिलिंडरचा गॅस नव्हे, की वापरला आणि संपला. तो बंद नळीत गोल गोल फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो गरम होतो. ती उष्णता बाहेर टाकून त्याचं द्रव होतं. मग बारीक नळीतून पुढे गेल्यावर दाब एकदम उतरतो, द्रवाची वाफ होते आणि ती आतल्या मालाची उष्णता ओढून घेते. परत कॉम्प्रेसर. गॅस कमी झालाच, तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरला, तर तो पुन्हा जाणार, आणि तुमचे पैसेही पुन्हा.

मग गळती आहे की नाही, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? बऱ्याच डीप फ्रीझरमध्ये उष्णता बाहेर टाकणारी नळी बाजूच्या पत्र्याच्या आतच असते. कॉम्प्रेसर चालू असताना त्या पत्र्याला हात लावा. कोमट किंवा गरम लागला तर घाबरू नका, त्याचं कामच ते आहे. पण कॉम्प्रेसर तासन् तास चालतोय, बाहेरचा पत्रा गारच आणि आत बर्फ एखाद्या कोपऱ्यातच धरतोय, असं असेल तर गॅसची शंका घ्या.

आईला व्हिडिओ कॉलवर हात लावायला सांगितलं. “चटका बसतोय रे!” आतल्या चारी भिंतींवर बर्फाचा थरही सारखाच होता. म्हणजे गॅस जागेवर होता.

आवाज ऐका

मग फोन कॉम्प्रेसरजवळ धरायला लावला. ‘गूंऽऽ’, दहा-पंधरा सेकंद, मग ‘टक्’ आणि शांत. काही मिनिटांनी पुन्हा तेच.

तो ‘टक्’ म्हणजे ओव्हरलोड. कॉम्प्रेसरच्या अंगाला चिकटलेलं एक छोटं बटणासारखं संरक्षण असतं. मोटर फार तापली किंवा करंट जास्त खेचायला लागली, की ते सप्लाय तोडतं. ते नसतं तर मोटर जळाली असती. असा आवाज आला की कारणं साधारण चार: व्होल्टेज कमी, स्टार्टिंगचा रिले किंवा कपॅसिटर खराब, उष्णता बाहेर पडायला जागा नाही, किंवा कॉम्प्रेसरच थकलाय. पहिलं आणि तिसरं कारण आपण स्वतः तपासू शकतो, फुकटात. म्हणून सुरुवात तिथून.

स्टॅबिलायझरच्या काट्याकडे कॅमेरा नेला. १६० व्होल्ट! घरी यायला हवेत साधारण २३०. अशा मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. १६० म्हणजे २३० च्या ७० टक्के, पण जोर उरतो जेमतेम निम्मा. निम्म्या जोरात बंद कॉम्प्रेसर उचलला जात नाही. मोटर जागच्या जागी गुंगते, तापते आणि ‘टक्’.

आमच्याकडे कामात एक नियम आहे: लॉग बघितल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. आईला कॅलेंडरच्या मागे दोन दिवस आकडे लिहायला सांगितले. सकाळी सहाला २१५, दुपारी एकला १७२, संध्याकाळी सातला १६०, रात्री अकराला २२०. आजूबाजूच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज बसायचं. फ्रीझर रात्री गार व्हायचा आणि दिवसा हरायचा. स्टॅबिलायझर होता, पण जुन्या फ्रीजचा. एवढ्या खालचं व्होल्टेज उचलणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

दुसरा घोळ कॅमेऱ्यातच दिसला. तात्यांनी फ्रीझर पत्र्याच्या पडवीत हलवला होता आणि दोन्ही बाजूंना बाजरीची पोती टेकवून लावली होती. वर तापलेला पत्रा, बाजूला पोती. उष्णता जाणार कुठे?

एका वेळी एकच बदल

सगळं एकदम बदललं, तर नेमकं कशाने जमलं ते कळत नाही. आधी पोती काढली, फ्रीझर आतल्या खोलीत आणला आणि चारी बाजूंनी वीतभर जागा सोडली. आतलं तापमान उणे ६ वरून उणे ११ वर गेलं. मग कॉम्प्रेसरच्या प्लेटवरचा करंट बघून, कमी व्होल्टेजलाही चालणारा आणि टाइम डिले असलेला स्टॅबिलायझर घेतला. दुसऱ्या पहाटे काटा उणे १८ वर. गोठवलेल्या मालासाठी हाच आकडा धरायचा: उणे १८ किंवा त्याखाली.

टाइम डिले का लागतो? लाईट गेली की नळीतला दाब सारखा व्हायला काही मिनिटं जातात. लाईट लगेच आली, तर कॉम्प्रेसरला त्या दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागतं. म्हणून तीन ते पाच मिनिटं थांबायचं. सतत जा-ये चालली असेल, तर सरळ प्लग काढून ठेवा.

महिन्याकाठचं काम

रबर: झाकणाच्या कडेला नोट ठेवून झाकण लावा आणि ओढा. सहज निघाली, तर तिथून गरम हवा आत जातेय. आधी रबर कोमट साबणपाण्याने पुसा. बऱ्याचदा नुसती घाणच असते.

बर्फ: झाकण उघडलं की दमट हवा आत जाते आणि तिचाच भिंतीवर बर्फ होतो. हा थर गोधडीसारखं काम करतो, गारवा मालापर्यंत पोचू देत नाही. अर्धा सेंटिमीटर झाला की काढा. पावसाळ्यात लवकर होतो. प्लग काढा, माल थर्माकोलच्या खोक्यात ठेवून वर गोधडी टाका, तळाचं बूच उघडा आणि आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा. सुटलेला बर्फ लाकडी उलथन्याने काढा. सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर अजिबात नको. पत्र्यामागेच गॅसची नळी असते. एक भोक पडलं, की मघाचे साडेतीन हजार खरेच लागतील. मागच्या स्टिकरवर आर-६००ए किंवा आर-२९० लिहिलं असेल, तर तो गॅस पेट घेणारा आहे. जवळ मेणबत्तीसुद्धा नको.

माल भरणं: शून्य अंशावरच्या एक किलो पाण्याचा बर्फ करायला जेवढी उष्णता काढावी लागते, तेवढ्यात तेच पाणी ८० अंशांवरून शून्यावर आलं असतं. म्हणजे गोठवणं हे फ्रीझरसाठी सगळ्यात जड काम. एकदम वीस किलो ढकलू नका. अर्ध्या किलोची चपटी पाकिटं करा, थोडी थोडी ठेवा. फ्रीझर रिकामा असेल, तर पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या थोड्या अपुऱ्या भरून आत ठेवा. लाईट गेली की त्याच उपयोगी पडतात. भरलेला फ्रीझर झाकण न उघडता साधारण ४८ तास धरतो, अर्धा भरलेला २४.

मोड: काही फ्रीझरला ‘कूलर’ आणि ‘फ्रीझर’ असं बटण असतं. मेस्त्रीला बोलवायच्या आधी ते बघा. पोरं खेळता खेळता फिरवतात.

शॉक: पत्र्याला हात लावून झिणझिण्या आल्या, तर प्लग काढा आणि आधी अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो, त्यात पाणी घालत जा.

आणि एक सोपी युक्ती. वाटीत पाण्याचा बर्फ करा, त्यावर रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्ये राहू द्या. गावाला जाऊन आलात आणि नाणं तळाशी दिसलं, तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय. वरून माल कितीही कडक दिसला तरी.

माल ठेवायचा की टाकायचा?

हे कुठल्याही मीटरवर दिसत नाही. त्या संध्याकाळी आई एकेक पाकीट दाबून बघत होती. आत बर्फाचा कण लागला, ते बाजूला. मऊ पडलेलं, आंबूस वास आलेलं वेगळं. वास न येणारी पण पूर्ण मऊ पडलेलीही तिने त्याच ढिगात टाकली. मी म्हणालो, “आई, यातली निम्मी परत गोठतील की.” ती म्हणाली, “गोठतील रे. पण थालीपीठ खाऊन कुणाचं पोर आजारी पडलं, तर मी काय सांगू? व्होल्टेज नव्हतं म्हणून?”

नऊ किलो शेणखताच्या खड्ड्यात गेलं. कण लागलेलं घरी खाल्लं, विकलं नाही. वास येत नाही म्हणजे माल चांगला, असं नसतं, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. नियम म्हणून सांगतो: बर्फाचे कण शिल्लक असतील तर पुन्हा गोठवता येतं, चव थोडी उतरते. पूर्ण वितळून दोन तासांहून जास्त कोमट राहिलं असेल, तर टाका.

आता फ्रीझरवर एक वही टांगलेली आहे, पेन दोरीला बांधलेलं. सकाळ-संध्याकाळ दोन आकडे: व्होल्टेज आणि तापमान. मी सांगितलं होतं आठवडाभर लिही. तिने अजून थांबवलेलं नाही. कालच्या फोनवर ‘जेवलास का’च्या आधी म्हणाली, “आज उणे एकोणीस.”

तुमच्या घरी फ्रीझर असेल, तर आज जाऊन फक्त त्याच्या बाजूच्या पत्र्याला हात लावा, आणि बाजूला काही टेकवलेलं असेल तर सरकवा. बाकीचं पुढच्या रविवारी करा. भेटू पुढच्या एपिसोडला!