डोंगर लोखंडाचा, रूळ पडद्यावरचे

सूरजागडच्या डोंगरात लोखंडच लोखंड, पण रुळाचा एक तुकडा तिथे शोधून सापडणार नाही. अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे स्टेशन म्हणावं असं एकच, तेही पार उत्तरेच्या टोकाला: वडसा. तिथून गडचिरोलीपर्यंत सुमारे 52 किलोमीटरची नवी लाइन टाकायचं काम चाललं आहे. सूरजागडचं खनिज मात्र वर्षानुवर्षं ट्रकांनी आलापल्ली-आष्टीचे रस्ते खिळखिळे करत आलं. जुलै 2025 मध्ये नवी सोय झाली. डोंगराजवळच्या हेडरीला खनिज दळायचं, पाण्यात कालवायचं आणि सुमारे 85 किलोमीटरच्या पाइपातून कोनसरीच्या कारखान्यात सोडायचं.

म्हणजे आगगाडी राहिलीच. ट्रेन सिम्युलेटरवर मार्ग बांधणाऱ्या हौशी मंडळींना यापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार? भूसंपादन नाही, निविदा नाहीत, माउस हातात घ्यायचा आणि हेडरी ते कोनसरी रूळ टाकत सुटायचं. रूळ पाइपासारखे वळत नाहीत हे खरं, पण खेळापुरते 85 किलोमीटर धरू. अडचण एकच: टाकलेले रूळ खरोखर 85 किलोमीटर भरले का, हे मोजायचं कसं?

जमिनीचे चौकोन

या खेळांत जमीन चौकोनांनी येते. मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर 2001 साली आला, त्याचा चौकोन 2048 मीटरचा. ऑस्ट्रेलियाच्या ट्रेन्झचा 720 मीटरचा. आपली लाइन नाकासमोर सरळ गेली तरी पहिल्यात 42 चौकोन लागतील, दुसऱ्यात 119. मायक्रोसॉफ्टच्या डब्यात तयार मार्ग सहा होते आणि त्यांत भारतातला एकही नव्हता. आपल्याकडच्या मंडळींनी भारतातले मार्ग घरी बसून बांधले, ही त्या खेळाची खरी गंमत.

पण या चौकोनांत एक खोडी आहे. पृथ्वी गोल, पडदा सपाट, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या खेळाने भूगोलतज्ज्ञ जॉन पॉल गूड यांच्या पद्धतीचा नकाशा घेतला. त्या नकाशात आपल्या भागाची मध्यरेषा 30 अंश पूर्व रेखांशाची, आणि गडचिरोली बसलंय 80 अंशांवर. मध्यरेषेपासून जितकं लांब, तितकी उत्तर-दक्षिण रेघ तिरकी होते आणि ताणली जाते. हिशेब केला तर गडचिरोलीच्या अक्षांशावर हा ताण चार टक्क्यांच्या थोडा वर जातो. वडसा ते गडचिरोली ही लाइन जवळजवळ सरळ दक्षिणेला उतरते. खरी उंची-खोली घेऊन ती या खेळात बांधली, तर 52 किलोमीटरला दोनेक किलोमीटर फुकटात मिळतात. रेल्वे खात्याला कळलं तर भाडं वाढेल.

भाड्यावरून आठवलं. कोकण रेल्वेने प्रवासी भाड्यासाठी खऱ्या अंतरात 40 टक्के भर धरली. रूळ मोजतो ते अंतर एक आणि तिकीट मोजतं ते दुसरं. आपल्या सूरजागड लाइनवर तोच हिशेब लावला तर 85 चे 119 होतात.

पट्टी खोटं बोलते

सिम्युलेटरमधली पट्टी दोन टोकांमध्ये सरळ ताणली जाते. रूळ कुठे सरळ असतात? मायक्रोसॉफ्टच्या खेळात रुळांचे तयार तुकडे मिळतात आणि तुकड्याचं नावच त्याचं माप असतं. ‘ए वन टी 500 आर 10 डी’ म्हणजे एकेरी रूळ, 500 मीटर त्रिज्या, 10 अंशांचं वळण. अशा एका तुकड्याची लांबी 87.27 मीटर. पट्टी लावली तर 87.16 येते, म्हणजे फरक वीतभरही नाही. आता असे नऊ तुकडे जोडा, गाडी काटकोनात वळवा. पट्टी सांगते 707 मीटर आणि चाकं सांगतात 785. एका वळणात 78 मीटर गिळले.

नेरळ-माथेरान हे याचं खरंखुरं उदाहरण. 1907 पासूनची ती चिमुकली गाडी वीस किलोमीटरच्या वर रूळ तुडवते. नकाशावर पट्टी ठेवली तर दोन स्टेशनांमधलं अंतर त्याच्या निम्मंही भरत नाही.

चढाचं मात्र उलटं. चढावर लांबी खूप वाढत असेल असं सगळ्यांना वाटतं. बोरघाटात 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, इतका खडा चढ आहे. तरी किलोमीटरमागे जादा रूळ लागतो साडेछत्तीस सेंटिमीटर! घाटाने इंजिनांचा घाम काढला, लोखंड मात्र जास्त खाल्लं नाही.

न मोजता मोजायच्या युक्त्या

गाडी ताशी 36 किलोमीटरवर बांधून ठेवा. सेकंदाला बरोबर 10 मीटर. घड्याळ लावा, सेकंदांपुढे एक शून्य वाढवा, झाली लांबी. आपले 85 किलोमीटर या वेगाने 2 तास 21 मिनिटं 40 सेकंदांत संपतात. ओपन रेल्स या सिम्युलेटरमध्ये सरळ ओडोमीटरच आहे, पण त्यात ही मजा नाही.

खऱ्या गाडीतही अशी युक्ती चालते. जुन्या पद्धतीचा रूळ 13 मीटरचा. सांध्यांची खडखड 47 सेकंद मोजा, जितके ठोके तितका ताशी वेग. 13 ला 3.6 ने गुणलं की 46.8 येतात, त्यातून ही जादू निघते. मात्र आता रूळ 260 मीटरच्या लांब पट्ट्यांत येतात आणि जागेवर एकमेकांना जोडले जातात, त्यामुळे मुख्य लाइनवर ठोकेच बंद झाले. मग स्लीपर मोजा: बहुतेक ठिकाणी किलोमीटरला 1660, म्हणजे दर 60 सेंटिमीटरला एक. वीजतारांचे खांबही कामाला येतात. त्यांच्यामधलं अंतर 4.5 च्या पाढ्यात चालतं आणि 72 मीटरला थांबतं.

वळणाची त्रिज्या काढायला तर नुसती दोरी पुरते. 20 मीटरची दोरी रुळाच्या आतल्या कडेला दोन्ही टोकांना टेकवून ताणायची आणि मध्यावर रूळ दोरीपासून किती मिलिमीटर लांब आहे ते बघायचं. त्या आकड्याने 50,000 ला भागा. फट 50 मिलिमीटर असेल तर त्रिज्या 1000 मीटर. रुळावरची माणसं ही मोजणी आजही करतात. पडद्यावर करायची तर वरून फोटो काढून त्यावर रेघ मारा, सूत्र तेच.

आणि साखळी! शेतमोजणीची शंकू-साखळी आपल्याकडच्या सातबाऱ्यामागची खरी धनीण: लांबी 33 फूट, आणे 16, आणि साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर साडेपाच फूट. म्हणजे साखळीत सहा गेज चपखल बसतात, एक सूतही इकडेतिकडे नाही. इंग्रजी साखळी 66 फुटांची, आपल्या दोन साखळ्यांची, आणि क्रिकेटची खेळपट्टीही तेवढीच.

साखळीने आख्खा देश मोजायला निघालेला माणूस तर आपल्या शेजारीच झोपला आहे. विल्यम लॅम्बटन याने 1802 साली मद्रासजवळ पायारेषा आखून मोजणी सुरू केली, उत्तरेकडे सरकत राहिला आणि जानेवारी 1823 मध्ये वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. वर्ध्याहून बल्लारशाला जाणारी गाडी याच गावातून जाते.

उन्हाचं माप

चंद्रपूरचा उन्हाळा सिम्युलेटरला ठाऊक नाही, हे बरंच आहे. पहाटेच्या आणि दुपारच्या रुळात 40 अंशांचा फरक पडला आणि 85 किलोमीटरचा रूळ मोकळा सोडला, तर तो जवळजवळ 39 मीटर लांबेल. एखादा छोटा फलाट वाढला म्हणा. प्रत्यक्षात स्लीपर आणि खडी त्याला गच्च धरून ठेवतात, हालचाल फक्त टोकांना होते. ती पकड सैल झाली तर काय होतं ते मे महिन्यात लाइनवर फिरणाऱ्या ट्रॅकमनला विचारा.

आपल्या लाइनला लोखंड किती लागेल? मीटरला 60 किलोचा रूळ, दोन बाजू, 85 किलोमीटर: 10,200 टन. खनिजात लोह 60 टक्के धरलं तर 17,000 टन खनिज. मालगाडीत अंदाजे 3,800 टन मावतं, म्हणजे साडेचार गाड्या. सूरजागडच्या डोंगराला हे कळणारही नाही. डोंगरावरच्या ठाकूरदेवाला मानणाऱ्या माडिया आदिवासींना डोंगर उकरलेला कळतो, तो हिशेब वेगळा.

कोनसरीची लूप लाइन

लूप म्हणजे मुख्य लाइनीच्या बाजूला गाडी उभी करायचा रूळ. मार्ग बांधणारे सगळ्यात जास्त इथे फसतात. उघड्या मालडब्याची, बॉक्सएनची, लांबी 10.713 मीटर. असे 59 डबे म्हणजे 632 मीटर. त्यात साडेवीस मीटरचं इंजिन आणि चौदाएक मीटरची गार्डची ब्रेकव्हॅन मिळवा, गाडी 666 मीटरच्या पुढे गेली. रेल्वेच्या नेहमीच्या लूपमध्ये उभं राहायला 686 मीटर मोकळे मिळतात, त्यामुळे गाडी बसते आणि वीसेक मीटर उरतात. घाईघाईत कोनसरीला 600 मीटरचीच लूप काढली, तर ब्रेकव्हॅन आणि शेवटचे पाचेक डबे मुख्य लाइनवर लोंबत राहतात. मागून येणारी रिकामी गाडी लाल सिग्नलपुढे उभी राहते आणि खेळणारा विचार करत बसतो, की सिग्नल बिघडला कसा.