काडतुसाचा काठ किती आवळावा?

युक्रेनच्या युद्धाने तोफगोळ्यांची मागणी वाढली, दारूचा मूळ घटक असलेल्या नायट्रोसेल्युलोजची टंचाई झाली आणि अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांना लागणाऱ्या दारूचे भाव चढले. हे मथळे वाचकांनी पाहिलेच आहेत. एकदा झाडलेली पितळी केस घरच्या प्रेसवर पुन्हा भरायची, ही तिथली जुनी आणि कायदेशीर हौस. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसं बनवायला परवाना लागतो, पुणेकराला काडतूस म्हटलं की खडकीचा कारखानाच आठवतो.) भाव वाढले की सगळी चर्चा दारू आणि ती पेटवणारा प्रायमर यांच्याभोवती फिरते. ज्या पायरीला एक पैसाही जास्त लागत नाही आणि जिच्याबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत, ती शेवटची पायरी, म्हणजे क्रिंप, मात्र चर्चेत येत नाही. केसचा काठ गोळीभोवती आवळला की गोळी पक्की बसते, म्हणून जितका आवळ जास्त तितकी सुरक्षितता जास्त, असं बहुतेकांना वाटतं. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत यात थोडं तथ्य आहे. पिस्तुलाच्या बाबतीत हा समज चूक आहे, आणि धोक्याचाही.

नऊ मिलिमीटरचं काडतूस घ्या. गोळी आत सरकावी म्हणून भरताना केसचं तोंड आधी किंचित फुलवतात. गोळी बसली की तो फुलवटा परत सरळ करायचा, एवढंच तिथल्या क्रिंपचं काम. गोळीला धरून ठेवते ती केसची भिंत. साइझिंग डायमध्ये, म्हणजे केस आवळणाऱ्या साच्यात, ती गोळीपेक्षा अरुंद केलेली असते, त्यामुळे आत गेलेली गोळी ती सगळ्या बाजूंनी दाबून धरते, आणि ही पकड गोळीच्या आत गेलेल्या संपूर्ण लांबीवर असते. शिवाय नऊ मिलिमीटर काय किंवा पॉइंट फोर फाइव्ह एसीपी काय, या काडतुसांच्या केसला बुडाशी बाहेर आलेली कडा नसते. चेंबरमध्ये ती टेकतात केसच्या काठावर. तो काठ आत वळवून टाकला तर काडतुसाचा टेकूच गेला. म्हणून पिस्तुलासाठी काठ दुमडणारा रोल क्रिंप वापरत नाहीत. भिंत हलकेच सरळ करणारा टेपर क्रिंप वापरतात.

तरीही जास्त आवळलं तर बिघडतं काय? इथे पितळ आणि शिसं यांचा स्वभाव आड येतो. दाब काढला की पितळ थोडं मागे उसळतं. शिसं दबलं ते दबलंच. त्यामुळे अति आवळलेल्या काडतुसात गोळी बारीक होते, केस मात्र पुन्हा किंचित मोकळी होते, आणि ज्या पकडीसाठी एवढा खटाटोप केला तीच ढिली पडते. मग मॅगझिनमधून वर येताना गोळीचं टोक फीड रॅम्पवर, म्हणजे चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर, आदळतं आणि गोळी मागे, दारूवर सरकते. आतली जागा घटते, दाब चढतो. स्पीअर कंपनीच्या रीलोडिंग मॅन्युअलमधला एक प्रयोग या विषयात वारंवार सांगितला जातो, आणि तो सांगायलाच हवा: नऊ मिलिमीटरच्या काडतुसात गोळी मुद्दाम ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर, जास्त खोल बसवली तेव्हा २८,००० वरचा दाब ६२,००० वर गेला. पाऊण मिलिमीटरचा फरक काडतुसाकडे नुसतं पाहून सहज लक्षात येत नाही.

म्हणूनच क्रिंप डोळ्यांनी जोखायचा नाही. हिशेब सोपा आहे: गोळीचा व्यास अधिक काठाजवळच्या भिंतीची दुप्पट जाडी. नऊ मिलिमीटरची जाकीटवाली गोळी ०.३५५ इंच, भिंत साधारण ०.०११, बेरीज ०.३७७. व्हर्नियर अगदी काठावर लावला तर आकडा याच्या आसपास हवा, आणि सामी या अमेरिकी मानक संस्थेच्या ०.३८० या मर्यादेपलीकडे जाता कामा नये. दुसरी कसोटी नळीची: पिस्तुलातून सुटी काढलेली नळी उभी धरून काडतूस आत सोडावं. ते टपकन बसलं आणि नळी उलटी करताच आपोआप बाहेर पडलं, तर फुलवटा उरलेला नाही. तिसरी कसोटी मला सर्वांत मोलाची वाटते. काडतुसाची लांबी मोजावी, गोळीचं टोक बाकाच्या कडेवर अंगठ्याच्या जोराने दाबावं, पुन्हा मोजावी. लांबी घटली तर दोष पकडीचा आहे, आणि क्रिंप वाढवून तो जाणार नाही. साइझिंग डाय किंवा तोंड फुलवणारा एक्सपांडर तपासायला हवा. एखादी गोळी उपसूनही पाहावी. तिच्यावर काठाची पुसट रेघ दिसली तर ठीक. तांब्याचा मुलामा कापून खाच पडली असेल, तर आवळ जास्त झाला.

यावर जाणकार रिव्हॉल्व्हरचा दाखला देतील, आणि तो योग्यच आहे. तिथे केस कडेवर टेकते, काठ मोकळा असतो, आणि दणका उलट दिशेने काम करतो: बंदूक केसला मागे खेचते, जड गोळी जागीच राहू पाहते आणि हळूहळू बाहेर येते. टोक सिलिंडरबाहेर आलं की सिलिंडर फिरतच नाही. आयडाहोचा एल्मर कीथ हा गुराखी, शिकारी आणि लेखक पॉइंट फोर फोर स्पेशलमध्ये जड भार भरत असे. १९५५ साली पॉइंट फोर फोर मॅग्नम बाजारात आलं त्यामागे त्याचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता. त्याने आखलेल्या गोळीला, लायमनच्या ४२९४२१ क्रमांकाच्या साच्यातल्या, क्रिंपसाठी खोल उतरती खाचच ठेवलेली होती. या आखणीतलं शहाणपण मला फार मोठं वाटतं. काठ गोळीत रुतवायचा नाही; त्याला बसायला जागा करून द्यायची. म्हणजे रिव्हॉल्व्हरचा कडक क्रिंपसुद्धा गोळी चेपत नाही.

एच-११० सारखी सावकाश जळणारी दारू नीट पेटायला कडक क्रिंप लागतो, असाही एक आक्षेप आहे. मॅग्नम रिव्हॉल्व्हरपुरता तो मान्य करावा. नऊ मिलिमीटरशी त्याचा संबंध नाही. रिव्हॉल्व्हरमध्येही पकड आधी, क्रिंप नंतर. तिथली परीक्षा अशी: सहा काडतुसं भरावीत, सहाव्याची लांबी आधी मोजून ठेवावी, पाच झाडावीत, आणि सहावं पुन्हा मोजावं. लांबी वाढली असेल तर क्रिंप कमी पडला, किंवा केस एकसारख्या लांबीच्या कापलेल्या नाहीत. ही दुसरी शक्यता लोक विसरतात. डाय एकाच उंचीवर बसवलेली असते. त्यामुळे लांब केसचा काठ जास्त वळतो, आखूड केसचा नुसताच शिवतो, आणि एकाच डब्यात दोन तऱ्हांची काडतुसं तयार होतात.