बाळाला अर्धा मिली औषध, बिलात अख्खी वायल! उरलेलं उद्या का वापरत नाहीत?

बाळ एनआयसीयूमध्ये असलं की घरच्यांना हा प्रश्न पडतोच. बाळ जेमतेम एक किलोचं, औषध दिसेल न दिसेल एवढं. मग बिलात रोज त्याच अँटिबायोटिकची नवी वायल कशाला? उरलेलं फ्रिजमध्ये ठेवता येत नाही का?

आधी हे औषध पातळ का करतात ते पाहू. जेंटामायसिनच्या नेहमीच्या वायलमध्ये 2 मिलीत 80 मिलिग्रॅम औषध असतं. एक किलोच्या बाळाला एका वेळी साधारण 5 मिलिग्रॅम लागतं, म्हणजे फक्त 0.125 मिली. इथे सिरिंजमध्ये 0.05 मिली जरी जास्त आलं, तरी डोस 40 टक्क्यांनी वाढतो. म्हणून 1 मिली औषधात 3 मिली सलाईन मिसळतात. आता तोच डोस 0.5 मिली होतो आणि नीट मोजता येतो.

पण काही औषधांचं पाण्याशी जमत नाही. अँपिसिलिन पावडरच्या रूपात येतं ते यासाठीच. पाणी मिसळलं की त्याचे रेणू तुटायला लागतात, म्हणून इंजेक्शनसाठी कालवलेलं अँपिसिलिन तासाभरात वापरा, अशी सूचना असते. ग्लुकोजमध्ये ते आणखी लवकर खराब होतं. गंमत म्हणजे दिसायला ते तसंच राहतं. रंग बदलत नाही, गाळ दिसत नाही, फक्त ताकद कमी होते. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला डोस 'दिला' अशी नोंद होते, पण प्रत्यक्षात तो पूर्ण मिळालेला नसतो.

कशात मिसळायचं, याचेही नियम उलटसुलट आहेत. झटक्यांसाठीचं फेनिटॉइन ग्लुकोजमध्ये घातलं की त्याचे स्फटिक होतात, ते सलाईनमध्येच द्यायचं. बुरशीवरचं अँफोटेरिसिन बी मात्र सलाईनमध्ये साकळतं, त्याला ग्लुकोजच लागतं. अँपिसिलिन आणि जेंटामायसिन नवजात बाळांना अनेकदा सोबत दिली जातात, तरी एका सिरिंजमध्ये नाही. अँपिसिलिन जेंटामायसिनला निकामी करतं. म्हणून दोन्हींच्या मध्ये नळी सलाईनने धुतात.

समजा रसायन टिकलं, तरी जंतूंचं काय? एकदाच वापरायच्या बऱ्याच वायलमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह नसतं. सुई जितक्या वेळा आत जाईल तितका धोका वाढतो, आणि कमी दिवसांच्या बाळाची प्रतिकारशक्ती नाजूक असते. त्यात काही औषधं सिरिंज पंपाने तासाला मिलीच्या काही अंशाने जातात. तीच सिरिंज उबदार वॉर्डात कित्येक तास लागलेली असते. त्यामुळे 'फ्रिजमध्ये किती तास टिकतं' हा आकडा तिथे सरसकट लावता येत नाही.

म्हणजे प्रत्येक बिल बरोबरच असतं असं नाही. काही रुग्णालयांत फार्मसीच्या निर्जंतुक कक्षात एका वायलमधून अनेक बाळांचे डोस भरले जातात. त्यामुळे खर्च वाचतो. पण हेच काम वॉर्डातल्या टेबलावर करणं धोक्याचं. तुमच्या रुग्णालयात अशी सोय आहे का, आणि एका वायलमधून किती डोस निघतात, हे जरूर विचारा. सिरिंजवरचं लेबलही बघा. त्यावर बाळाची ओळख, औषधाचं नाव, एका मिलीत किती औषध आहे ते, कशात मिसळलं, कधी तयार केलं आणि कधीपर्यंत चालेल, हे लिहिलेलं असायला हवं. वेळ लिहिलेली नसेल तर सिस्टरना तिथेच विचारा.