विवरणपत्राची मुदत आणि सल्लागाराची निवड

प्राप्तिकराची व्यवस्था एका साध्या तत्त्वावर उभी आहे. आपल्या उत्पन्नाचा हिशेब करदात्याने स्वतः मांडावयाचा आणि तो खरा असल्याची ग्वाही स्वतःच द्यावयाची. हिशेब दुसऱ्याकडून लिहवून घेता येतो. ग्वाही मात्र दुसऱ्यावर सोपविता येत नाही.

दिल्लीतील सरकारी कार्यालयांत किंवा गुरुग्राम व नोएडा येथील कंपन्यांत काम करणाऱ्या पगारदारांसाठी विवरणपत्राची मुदत सामान्यतः ३१ जुलैला संपते. २०११ साली विवरणपत्रे स्वीकारण्यासाठी प्रगती मैदानावर खास खिडक्या उघडाव्या लागल्या होत्या. आता विवरणपत्र संगणकावरून पाठविले जाते. रांगा गेल्या, पण अखेरच्या दिवसांची घाई उरली आहे. मुदत टळल्यास पाच हजार रुपयांपर्यंत विलंबशुल्क पडते. परंतु घाईत चुकीच्या माणसाच्या हाती कागद गेल्यास होणारे नुकसान याहून पुष्कळ मोठे असते.

जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर विभागाने देशभरात सुमारे दीडशे ठिकाणी तपासणी केली. ज्या राज्यांत खोट्या वजावटींचे प्रकार आढळले त्यांत महाराष्ट्राप्रमाणेच दिल्लीही होती. काही मध्यस्थ घरभाडे, देणग्या, आरोग्यविमा इत्यादींच्या खोट्या रकमा दाखवून करदात्यांना मोठा परतावा मिळवून देत आणि त्यावर दलाली घेत. एकगठ्ठा विवरणपत्रांसाठी ते तात्पुरते ई-मेल पत्ते उघडीत व पुढे सोडून देत. परिणामी विभागाच्या नोटिसा करदात्यापर्यंत पोहोचतच नसत. तत्पूर्वीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. उत्पन्नाची हेतुतः चुकीची माहिती दिल्यास बुडालेल्या कराच्या दुपटीइतका दंड होऊ शकतो, आणि तो मध्यस्थाला नव्हे, करदात्याला भरावा लागतो.

म्हणून पूर्वतयारी जूनपासूनच करणे श्रेयस्कर. मालकाने दिलेले करकपातीचे प्रमाणपत्र, बँकेच्या व्याजाचा तपशील, भाड्याच्या, विम्याच्या व देणगीच्या पावत्या एकत्र कराव्यात. विभागाच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरणाशी त्या ताडून पाहाव्यात. उत्पन्न केवळ पगाराचे असेल, तर एवढ्या सामग्रीवर विवरणपत्र स्वतःलाच भरता येते. व्यवसाय, शेअर अथवा घरविक्री यांचे उत्पन्न असल्यास मात्र जाणकाराचे साह्य घ्यावे. सनदी लेखापालांची नोंद १९४९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेकडे असते व ती पडताळून पाहता येते.

चांगला सल्लागार प्रथम पावत्या मागतो, मग आकडे सांगतो. तो ठरावीक शुल्क घेतो, परताव्यात वाटा मागत नाही. आणि विवरणपत्रात दूरध्वनी क्रमांक व ई-मेल पत्ता करदात्याचाच लिहितो. पाठविण्यापूर्वी प्रत्येक रक्कम करदात्याने स्वतः वाचावी. जिचा कागद आपल्यापाशी नाही, तिच्याखाली आपले नाव जाऊ देऊ नये.